ढेकणांची लाज कशाला?

घरात ढेकूण निघाला की दोन प्रश्न लगोलग येतात. हा आणला कुणी आणि याला मारायचं कशानं? पहिल्याचं उत्तर घरोघरी तयार असतं: कामाला येणाऱ्या मावशी, शेजारच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी मुलं, नाहीतर हॉस्टेलवरून सुट्टीला आलेला भाचा. दुसऱ्याचंही तयार असतं: चांगलं जहाल औषध. माझ्या मते ही दोन्ही उत्तरं चुकतात आणि ती एकाच समजुतीपायी चुकतात. ढेकूण म्हणजे घाण आणि घाण म्हणजे बदनामी, ही ती समजूत. बदनामी नको म्हणून माणसं गप्प बसतात, गुपचूप फवारे मारतात, गादी रात्री उशिरा कचराकुंडीपाशी टाकून येतात. तेवढ्यात ढेकणाला वाढायला जितके आठवडे हवे असतात तितके त्याला आयते मिळतात. हे म्हणणं तपासून घ्यावं म्हणून त्याच्या विरोधातला माणूस मी समोर बसवतो आहे. तो म्हणजे चाळीत वाढलेले आणि आता एका गृहनिर्माण सोसायटीचे सेक्रेटरी असलेले काका. त्यांच्याशी बोलणार आहे कीटकशास्त्र शिकलेली त्यांची पुतणी. दोघंही लेखासाठी योजलेली आहेत, मतं मात्र आपल्या सगळ्यांच्या घरातली आहेत. मध्येमध्ये मीही बोलेन, कारण या वादात मी तटस्थ नाही.

काका : हे बघ, ढेकूण काय असतो ते आम्हाला नव्यानं शिकवायला नको. चाळीत लाकडी पलंगांच्या सांध्यांत, नवारीच्या खाटांत, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे, सगळीकडे ढेकूण असायचे. रविवारी खाट चौकात काढायची, आपटायची, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, रॉकेलचा बोळा फिरवायचा. पुढे डीडीटी आली, फवारणीवाले घरोघर फिरले आणि ढेकूण दिसेनासे झाले. घरं सुधारली, लोक नीटनेटके राहायला लागले. आता इतक्या वर्षांनी चांगल्या चांगल्या इमारतींत पुन्हा ढेकूण निघतात, त्याचा अर्थ मी एकच लावतो. कुठेतरी स्वच्छता ढिली पडली आहे, नाहीतर नको ती माणसं आत येतायत. ढेकणाच्या संगे हिरा भंगला म्हणतात ते उगाच नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांवर नजर ठेवा, घर झाडून-पुसून लख्ख ठेवा, ढेकूण होणार नाही.

पुतणी : काका, तुम्ही झुरळाचा नियम ढेकणाला लावताय. झुरळाला खरकटं लागतं. ओट्यावर उष्टं राहिलं की झुरळं वाढतात, म्हणून तिथं झाडलोटीचा सरळ उपयोग होतो. ढेकूण खरकट्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याचं अन्न एकच, रक्त. अंड्यातून निघालेलं पिल्लू पाच वेळा कात टाकून मोठं होतं आणि प्रत्येक वेळी कात टाकण्याआधी त्याला पोटभर रक्त लागतं. म्हणजे जगायला त्याला दोनच गोष्टी हव्यात, झोपलेला माणूस आणि त्याच्या जवळपास एखादी फट. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो येतो, पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि फटीत परत जातो. या दोन्ही गोष्टी पंचतारांकित हॉटेलातही असतात. शिवाय त्याला पंख नाहीत, उडीही मारता येत नाही. तो फक्त चालतो. शेजारच्या खोलीत तो चालत जाईल, पण नागपूरहून पुण्याला चालत येणार नाही. त्याला कुणीतरी आणावं लागतं.

काका : मग आणणारा माणूसच ना? मी वेगळं काय म्हणतोय?

पुतणी : माणूस नाही, माणसाचं सामान. ऊ अंगावर राहते, ढेकूण राहत नाही. तो पोट भरलं की अंगावरून उतरतो आणि जवळच्या आडोशाला जातो. तो आडोसा कधी पलंगाचा सांधा असतो, तर कधी पलंगाशेजारी उघडी ठेवलेली बॅग. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. खोलीत काही पिशव्या ठेवल्या, काहींत धुतलेले कपडे, काहींत अंगावरून उतरवलेले. ढेकूण सोडले. वापरलेल्या कपड्यांच्या पिशव्यांवर दुपटीच्या आसपास ढेकूण जमले, आणि तेही खोलीत माणूस नसताना. म्हणजे तुम्ही चार दिवस फिरायला जाता, मळलेले कपडे हॉटेलच्या खोलीत बॅगेत टाकत जाता, बॅग जमिनीवर उघडी. दिवसभर तुम्ही बाहेर असता तेव्हाही ती बॅग ढेकणाला बोलावत असते. विमानाने आलेली बॅग आणि एसटीने आलेली वळकटी यांत ढेकणाच्या लेखी काही फरक नाही.

इथं मला पुतणीच्या बाजूने आणखी एक पुरावा मांडायचा आहे, कारण सगळा वाद याच जागी सुटतो किंवा अडतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१२ साली तीन बहुमजली इमारतींतल्या ढेकणांच्या जनुकीय खुणा तपासल्या. वेगवेगळ्या घरांतल्या वेगवेगळ्या माणसांनी वेळोवेळी ढेकूण आणले असते, तर एकाच इमारतीत अनेक वंश सापडले असते. प्रत्यक्षात प्रत्येक इमारतीतले ढेकूण एकमेकांचे जवळचे नातलग निघाले. अर्थ सरळ आहे. बाहेरून येणं एकदा किंवा दोनदाच घडलं, पुढचा सगळा पसारा इमारतीच्या आत, भिंतीच्या फटींतून, वायरींच्या आणि नळांच्या वाटांनी झाला. हे शक्य होतं कारण फळलेली एक मादी पुरते. ती रोज एक ते पाच अंडी घालते, आणि तिची पिल्लं आपापसांत जोडी जमवूनही वंश जोमाने वाढवतात. तेव्हा ‘आणला कुणी’ याचा शोध घेण्यात जी ताकद खर्ची पडते ती जवळजवळ वाया जाते. आणणारा माणूस एक, तोही बहुधा नकळत, आणि पसरू देणारे आपण सगळे. कामाला येणाऱ्या बाईंकडे बोट दाखवणं मला म्हणूनच अन्यायाचं वाटतं. त्या घरात हातातल्या पिशवीसह दोन तास असतात. आपण मात्र परगावच्या लग्नातून दोन बॅगा भरून येतो आणि त्या थेट पलंगावर उघडतो.

काकांचं म्हणणं पूर्ण मोडीत काढणंही मात्र बरोबर नाही. ढेकणाचं येणं आणि ढेकणाचं टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येण्याचा स्वच्छतेशी संबंध नाही, टिकण्याचा पसाऱ्याशी आहे. पलंगाखाली रद्दी, जुन्या बॅगा, बोचकी कोंबलेली असली की ढेकणाला हजार आडोसे मिळतात आणि शोधणाऱ्याचा धीर सुटतो. आवरलेल्या खोलीतही ढेकूण येतो, फक्त तिथं तो लवकर दिसतो.

काका : चल, सामानातून येतो हे मानलं. पण आल्यावर मारायचा की नाही? डीडीटीने गेलेच होते ना? आता तसं जालीम काही वापरत नाहीत म्हणून हे सगळं चाललंय.

पुतणी : डीडीटीची गोष्ट पूर्ण ऐका. तिचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधला आणि १९४८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९४७ मध्ये, हवाईतल्या पर्ल हार्बरच्या नौदलाच्या बराकींत डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. आपल्याकडे १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घरांच्या भिंतींवर डीडीटी मारली गेली आणि डासांबरोबर ढेकूणही आधी घटले. तुमच्या पिढीला तेवढंच आठवतं. पुढे आपल्याकडच्या ढेकणांनीही डीडीटी पचवली. आता आपण दुकानातून जे फवारे आणतो ते बहुतेक पायरेथ्रॉइड गटातले असतात, आणि ते मज्जातंतूंत डीडीटीच्याच जागी घाव घालतात. त्या जागेत बदल झालेले ढेकूण दोन्हींतून वाचतात. काहींची कातडीही जाड झालेली असते, औषध आत पोचतच नाही. त्यातून अंडी तर जवळजवळ प्रत्येक फवाऱ्यातून सुटतात. सहा ते दहा दिवसांत ती फुटतात आणि माणसाला वाटतं, औषधात भेसळ होती.

काका : मग घर बंद करून धुराचे डबे फोडतात तसं करावं. कानाकोपऱ्यात धूर जातो.

पुतणी : धूर मोकळ्या हवेत पसरतो, फटीच्या आत शिरत नाही. ओहायो राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली बाजारात मिळणारे असे डबे ढेकणांवर वापरून पाहिले, आडोशाला बसलेल्या ढेकणांवर त्यांचा परिणाम नगण्य निघाला. उलट त्या उग्र वासाने ते पलंग सोडून भिंतीत, शेजारच्या खोलीत पांगू शकतात. आधी एका जागी होते, मग चार जागी होतात.

विषाच्या बाबतीत मी पुतणीपेक्षाही कडक आहे. ढेकूण माणसाला मारत नाही, ढेकणासाठी वापरलेलं विष मारू शकतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००३ ते २०१० या काळातली सात राज्यांची नोंद प्रसिद्ध केली, तीत ढेकणांसाठी वापरलेल्या कीटकनाशकांमुळे १११ जण आजारी पडल्याचं दिसतं, त्यांतला एक दगावला. आपल्याकडचा धोका आणखी गंभीर आहे, तो धान्यात ठेवायच्या गोळ्यांचा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या दमटपणाने फॉस्फिन वायू सोडते. हा वायू बंद गोदामात किड्यांसाठी आहे. राहत्या घरात तो भिंतीच्या फटीतून शेजारी पोचतो, आणि त्यावर उतारा नाही. ‘ढेकणांचं एकदाच काम करून टाकतो’ म्हणून कुणी अशा गोळ्या घरात ठेवायला लागला तर त्याला दारातूनच परत पाठवावं. झोपेच्या खोलीत रॉकेल शिंपडणं हाही आगीशी खेळ आहे. जाणकार पेस्ट कंट्रोलवाला बोलवायला माझा विरोध नाही. तो आधी तपासणी करतो, कुठलं औषध मारणार ते लिहून देतो, आणि अंडी फुटण्याचा हिशोब धरून दहा-चौदा दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा येतो. एकाच भेटीत खात्री देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

काका : म्हणजे आमचं उकळतं पाणीच बरं होतं की.

पुतणी : अगदी बरोबर होतं, काका! तुमच्या घरातली बायकामाणसं त्या काळी सगळ्यांत शास्त्रशुद्ध उपाय करत होती. उष्णतेला ढेकूण सरावत नाही, निदान विषाला सरावला तसा सरावलेला नाही. ४५ अंश सेल्सिअसला मोठा ढेकूण साधारण दीड तासात मरतो. अंड्यांना त्याच तापमानाला सात तास लागतात, पण ४८ अंशांना सव्वा तास पुरतो, आणि ५० च्या वर गेलं की काम झपाट्याने होतं. ६० अंशांच्या पाण्यात धुतलेल्या कपड्यांत काहीच जिवंत राहत नाही. ज्यांच्याकडे गरम पाण्याचं मशीन नाही त्यांनी बादलीत कडकडीत पाणी घेऊन कपडे अर्धा तास झाकून भिजवावेत. जाड शिवणींवर कडक इस्त्री फिरवावी. लाकडी पलंगाच्या सांध्यांत वाफेचं यंत्र किंवा तुमचं उकळतं पाणी. ज्या वस्तूंना गरम पाणी चालत नाही त्या पिशवीत बांधून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये चार दिवस. साध्या फ्रीजच्या गारव्याने काही होत नाही.

काका : आणि ऊन? विदर्भातल्या मे महिन्यात गादी गच्चीवर टाकली की काय जगणार?

पुतणी : गादीच्या वरच्या कापडावरचे जातील. कापूस मात्र उष्णता आत जाऊ देत नाही, आणि ढेकूण चालता असतो. वरची बाजू तापली की तो खालच्या सावलीत जातो. उन्हाचा उपयोग लहान वस्तूंना, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, पिशवी तापलेल्या गच्चीवर उलटसुलट करत, आणि आत थर्मामीटर ठेवून. पिशवीच्या मध्यभागी पारा ५० च्या वर गेला तरच समाधान मानायचं. गादीवर मात्र चेन असलेलं घट्ट विणीचं आवरण घालावं. आतले आत कोंडून उपाशी मरतात. पण हे आवरण महिनोन्‌महिने काढायचं नाही, कारण उपाशी राहण्यात ढेकूण चिवट असतो. थंड हवेत तो कित्येक महिने काढतो. आपल्या उकाड्यात कमी, तरी दिवाळीच्या सुट्टीत घर बंद ठेवून तो मरत नाही.

हे झालं ढेकूण घरात आल्यानंतरचं. तो येऊच नये म्हणून काय करायचं तेही थोडं जवळून बघू, कारण प्रतिबंधाचा निम्मा भाग औषधात नाही, नजरेत आहे. प्रवासात खोली ताब्यात घेतली की बॅग आधी बाथरूमच्या फरशीवर ठेवावी. मग पलंगाच्या उशाकडच्या कोपऱ्यातली चादर उचलून गादीच्या कडेची गोटाची शिवण बोटांनी ताणून मोबाइलच्या उजेडात बघावी. जिवंत ढेकूण दिसायलाच हवा असं नाही. शिवणीला काळे ठिपके दिसतात, ते पचलेल्या रक्ताची विष्ठा असतात. ओल्या कापसाने पुसले तर गंजासारखे तांबूस पसरतात. शिवणीच्या घडीत फिकट पिवळी, पारदर्शक टरफलं अडकलेली असतात, ती टाकलेली कात. अंडी खसखशीच्या दाण्याएवढी, पांढरी, लाकडाला चिकटवल्यासारखी बसलेली. नंतर पलंगाचा उशाकडचा फळा, त्याच्या मागची बाजू, स्क्रूची भोकं, लाकडाच्या भेगा. एखादं जुनं प्लास्टिकचं कार्ड भेगेतून ओढलं की आत काही असेल तर बाहेर येतं. पाच मिनिटांचं काम. काही दिसलं तर खोली बदलून मागावी, आणि लगतची नाही, निदान दोन मजले सोडून. घरी परतल्यावर बॅग पलंगावर न ठेवता गॅलरीत उघडावी, कपडे थेट गरम पाण्यात, बॅगेच्या शिवणींवर व्हॅक्यूम नाहीतर ब्रश. आणि फुकट मिळणारी गादी, सोफा, लाकडी पलंग घरात घेताना हीच तपासणी दुप्पट काटेकोर. परदेशात शिकायला गेलेली आपली मुलं रस्त्याकडेला ठेवलेली गादी पैसे वाचतात म्हणून उचलून आणतात. त्यांना घरच्यांनी विमानात बसवण्याआधी ही एक गोष्ट सांगून ठेवावी.

काका : घरात चावायला लागले तर कळेलच की. तेव्हा बघू.

पुतणी : नाही कळत. चाव्यांवर उठणारी गांध ही माणसाच्या शरीराची प्रतिक्रिया असते, आणि ती सगळ्यांना येत नाही. एकाच पलंगावर झोपणाऱ्या नवऱ्याला गांध्या उठतात, बायकोच्या अंगावर खूण नाही. त्यातून आपल्याकडे डास असतातच, म्हणून पहिले कित्येक आठवडे दोष डासांना जातो. अजून एक सांगते. पलंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे, पण परदेशी संकेतस्थळांवर पायांखाली ठेवायच्या ज्या गुळगुळीत प्लास्टिकच्या वाट्या दाखवतात त्यांच्यावर आपल्याकडे फार भिस्त ठेवू नका. तिकडचा ढेकूण त्या वाटीत पडला की चढू शकत नाही. आपल्याकडची उष्ण प्रदेशातली जात वेगळी आहे, सायमेक्स हेमिप्टेरस. तिच्या पायांना पकड जास्त असते, ती गुळगुळीत पृष्ठभागही चढते.

आता मूळ मुद्द्यावर येतो, म्हणजे लाजेवर. काका इथं सगळ्यांत ठाम आहेत, आणि त्यांच्या जागी बसलेला कोणताही सेक्रेटरी असाच ठाम असेल.

काका : तू म्हणतेस सगळ्यांना सांगा. मी उद्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं की तिसऱ्या मजल्यावर ढेकूण निघाले, तर काय होईल? त्या घरी कुणी पाय ठेवणार नाही. ज्यांना फ्लॅट विकायचाय त्यांना गिऱ्हाईक मिळणार नाही. घरात लग्नाची मुलगी असेल तर बोलायलाच नको. ज्याचं त्यानं आपल्या घरात निस्तरावं, यात गैर काय?

गैर हे, की ज्याचं त्यानं निस्तरणं या प्राण्याच्या बाबतीत शक्यच नाही. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका उंच इमारतीचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिला ढेकूण नोंदला गेल्यापासून ४१ महिन्यांत सुमारे ४५ टक्के घरांत ढेकूण पोचले होते. ढेकूण असलेल्या घरांच्या भोवतालची निम्म्याहून थोडी जास्त घरं लागण झालेली निघाली. आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, ज्या घरांत ढेकूण होते त्यांतल्या जवळपास निम्म्या कुटुंबांना त्याचा पत्ताच नव्हता. तिसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाने स्वतःचं घर कितीही निर्मळ केलं, तरी चौथ्या मजल्यावरच्या बेसावध घरातून ते पुन्हा खाली येणार. गप्प बसून त्या कुटुंबाची अब्रू वाचत नाही, फक्त खर्च दर सहा महिन्यांनी नव्याने होतो. काकांची भीती मात्र खरी आहे आणि तिला उत्तर द्यायला हवं. ग्रुपवर नाव टाकायची काही गरज नाही. ज्या घरात निघाले त्यांनी सेक्रेटरींना सांगावं, सेक्रेटरींनी वरचं, खालचं, डावीकडचं आणि उजवीकडचं अशा चार घरांना खासगीत कळवावं, आणि पाचही घरांची तपासणी एकाच दिवशी व्हावी. खर्च सोसायटीच्या देखभाल निधीतून. पाण्याची टाकी साफ करताना घाण कुणाची म्हणून आपण विचारत नाही. तक्रार करणाऱ्याला शिक्षा होणार नाही हे एकदा दिसलं की पुढचं घर पहिल्या आठवड्यातच बोलेल, आणि पहिल्या आठवड्यात ढेकूण एका पलंगापुरता असतो. ही वेळ साधण्याइतका परिणामकारक दुसरा उपाय मला माहीत नाही.

तोपर्यंत त्या घराने दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. खोली बदलून झोपू नये. माणूस हलला की ढेकूण त्याच्या मागोमाग दुसऱ्या खोलीत जातो. आणि गादी उघडी जिन्यातून खाली नेऊ नये. नेताना ढेकूण पायऱ्या-पायऱ्यांवर गळतात, आणि कचराकुंडीपाशी ठेवलेली गादी सकाळपर्यंत राहत नाही. ज्याला नवी घेणं परवडत नाही तो ती उचलून नेतो. टाकायचीच असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून, कापड फाडून, वर मोठ्या अक्षरांत ‘ढेकूण आहेत’ लिहून टाकावी. आपली लाज झाकायला आपण दुसऱ्याच्या अंथरुणात ढेकूण सोडतो, हे मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यांत वाईट वाटतं.

काका : पण एवढा गाजावाजा कशासाठी? रोग तर होत नाही ना ढेकणाने?

पुतणी : रोग पसरवत असल्याचं सिद्ध झालेलं नाही, हे खरं. आपल्याच देशात एकेकाळी तसा संशय मात्र जोरात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांनी काळा आजार ढेकणामार्फत पसरतो असं मांडलं. पुढे बरीच वर्षं संशोधन झालं आणि १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी तो वालुमाशीमुळे पसरतो हे दाखवून दिलं. ढेकूण त्या आरोपातून सुटला. पण रात्र-रात्र झोप न लागणं, खाजवून झालेल्या जखमा चिघळणं, दिवे लावून बसून राहणं, पाहुणे येणार म्हटलं की धास्ती घेणं, हे काही कमी आहे का? ज्या घरात शेकड्यांनी ढेकूण झालेत तिथं लहान मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं रक्तही कमी होतं.

रोग नाही म्हणून ढेकणाला आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या यादीत जागाच मिळत नाही. महापालिकेची कीटकनाशक यंत्रणा डासांच्या आणि उंदरांच्या मागे असते, ढेकूण हा ज्याच्या-त्याच्या घरातला प्रश्न ठरतो. काकांची शेवटची हरकत इथंच येते, आणि ती सगळ्यांत वजनदार आहे.

काका : तुमचं गरम पाणी, वाफेचं यंत्र, चेनची आवरणं, पाच घरांची तपासणी, हे सगळं फ्लॅटवाल्यांचं झालं. दहा बाय दहाच्या खोलीत आठ मुलं पाळीपाळीनं झोपतात, दिवसपाळीवाला उठला की त्याच गादीवर रातपाळीवाला आडवा होतो. त्यांनी काय करायचं?

काका म्हणतात ते खरं आहे, आणि घाणीचा सिद्धांत तिथंच पुरता कोसळतो. ही मुलं अस्वच्छ नसतात. त्यांच्या गादीला चोवीस तासांत माणसाशिवाय अशी वेळच नसते आणि ती बदलायचा अधिकार त्यांच्याकडे नसतो. ढेकूण श्रीमंताकडेही येतो आणि गरिबाकडेही. फरक इतकाच, की श्रीमंताकडे तो आठवड्यात हटवला जातो आणि गरिबाकडे वर्षानुवर्षं राहतो. म्हणून पीजी, हॉस्टेल, कामगारांच्या खोल्या चालवणाऱ्याची ही जबाबदारी आहे, असं भाडेकरारात लिहिलेलं असावं: लाकडाऐवजी लोखंडी खाट, दर खाटेला चेनचं आवरण, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि तक्रार केली म्हणून कुणाला खोली सोडायला लावायची नाही. लोखंडी खाटेतही ढेकूण राहतो, पण सांधे मोजके असतात आणि त्यांत किटलीभर उकळतं पाणी ओतणं कुणालाही जमतं. महापालिकांनी आपल्या फवारणी पथकांना एक-एक वाफेचं यंत्र दिलं आणि वस्त्यांमधून नाममात्र दराने फिरवलं, तर तो पैसा विषावर घालवलेल्या पैशापेक्षा सत्कारणी लागेल.

काका : बरं. पुढच्या सभेत विषय ठेवतो. पण नावं सभेच्या इतिवृत्तात लिहिणार नाही.

पुतणी : नकाच लिहू. फक्त तपासणीच्या यादीत वॉचमनची केबिन घाला. त्यांची खाट आपल्याच सोसायटीतल्या कुणीतरी टाकून दिलेली असते, आणि तिच्यावर कुठलं आवरण घालायचं हे त्यांना आजवर कुणी विचारलेलं नाही. तिचा खर्चही देखभाल निधीतूनच, काका.